सिलिकॉनच्या आतला उन्हाळा

एप्रिल लागला की कृत्रिम पाय बसवणाऱ्या टेक्निशियनच्या कानावर एक तक्रार हमखास येते. "साहेब, जुना पाय बरा होता. हा महागाचा लायनर घातला आणि घामाने जीव नकोसा झालाय." तक्रार करणारा बहुधा नुकताच सुती-लोकरी मोज्यांवरून सिलिकॉनच्या लायनरवर आलेला असतो. पदरमोड करून त्याने ही सुधारणा करून घेतलेली असते. चालणं सुधारलंय, हे तो कबूलही करतो. पण दुपारी दोन-अडीचला पाय आतल्या आत सरकायला लागतो आणि संध्याकाळी घरी येऊन लायनर उतरवला की आतून चक्क पाणी ओघळतं. घरच्यांना वाटतं, हा धुवायचा कंटाळा करत असणार. त्याला स्वतःला वाटतं, आपल्याला फसवलं.

दोघांचाही अंदाज चुकतो. त्या लायनरच्या आत जे चाललेलं असतं ते साधं आहे, पण सहसा कुणी बसून समजावून सांगत नाही.

आधी तीन शब्द

पाय कापल्यावर उरलेल्या भागाला सगळे स्टंपच म्हणतात, डॉक्टरही आणि पेशंटही. तो ज्या कडक कपात बसतो तो सॉकेट. आणि या दोघांच्या मधे, थेट कातडीला लागून जो जाड, लवचिक थर असतो तो लायनर. लायनर मोज्यासारखा ओढून घालत नाहीत. तो आतून बाहेर उलटा करायचा, त्याचा तळ स्टंपच्या टोकाला नीट टेकवायचा आणि मग वर गुंडाळत न्यायचा. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. जाडी साधारण ३ ते ६ मिलिमीटर, काहींची ९. बनतो तो सिलिकॉनचा, पॉलियुरेथेनचा किंवा जेलसारख्या मऊ पदार्थाचा.

ही वस्तू तशी अलीकडची. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या काळातलं. त्या जमान्यात पाय म्हणजे लाकूड, चामडं, पट्टे आणि आत मोजे. १९६८ मध्ये जयपूर फूट आला. आपल्याकडे कुठल्याही कृत्रिम पायाला सरसकट 'जयपूर फूट' म्हणतात, पण खरं तर ते नाव फक्त खालच्या पावलाचं. त्यावरचा सॉकेट प्लॅस्टिकच्या पाइपातून घडवतात आणि शिबिरात मिळालेल्या अशा पायात अनेकदा लायनर नसतोच, मोजे असतात. सिलिकॉनचा गुंडाळून चढवायचा लायनर १९८०च्या दशकात आइसलंडच्या ओसुर क्रिस्टिन्सन यांनी पुढे आणला. ते स्वतः कृत्रिम अवयव बनवणारे आणि स्वतः वापरणारेही.

लायनरची कामं दोन. हाडाच्या टोकावर येणारा दाब पसरवायचा, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: कातडीला घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे पाऊल उचललं की पाय मागे राहत नाही. कमरेचा पट्टा गेला, मांडीवरचा चामडी पट्टा गेला, तो या पकडीमुळे. आणि ही पकड येते कशामुळे? आत हवा शिरत नाही म्हणून. हवाबंद असणं हाच लायनरचा गुण. सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

घाम येतो, पण जाणार कुठे?

घामाने अंग गार होतं असं आपण म्हणतो, पण नुसत्या घामाने काही गार होत नाही. गार होतं ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. न वाळता नुसताच ओघळला, तर फुकट गेला.

लायनरच्या आत तो वाळूच शकत नाही. वाऱ्याला वाट नाही, वाफेला वाट नाही. शिवाय सिलिकॉनमधून उष्णता बाहेर पडते तीही फार सावकाश, आणि त्याबाहेर पुन्हा सॉकेटची भिंत असते. चालताना मांडी-पोटरीचे स्नायू उष्णता तयार करत असतात, ती आतच कोंडली जाते. कातडीचं तापमान वाढतं. ते वाढलं की शरीर तिथे आणखी घाम पाठवतं. तो घामही वाळत नाही.

पुणेकराला हे एका वाक्यात सांगता येईल. एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी बाकीचा माणूस पुण्यात असतो आणि त्याचा स्टंप मुंबईत. आपण कितीही सावलीत बसा, पंखा लावा, स्टंपला त्याचा पत्ताच नसतो.

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांवर प्रयोगशाळेत जी मोजमापं झाली त्यांत दिसतं की पाय चढवून नुसतं बसलं तरी आतलं तापमान हळूहळू वर जातं, आणि चालायला लागलं की आणखी एक-दोन अंशांनी चढतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एवढ्यानेच माणूस अस्वस्थ व्हायला लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चढलेलं तापमान बसल्यावर लगेच उतरत नाही. अर्धा तास चाललं आणि मग तासभर विश्रांती घेतली, तरी पाय चढवलेलाच असेल तर स्टंप मूळ तापमानाला येत नाही. "थोडं बसलो की बरं वाटेल" हा हिशेब इथे चुकतो. बसून फायदा नाही, पाय काढून बसायला हवं.

आणि हा फक्त आपल्या उन्हाचा प्रताप समजू नका. स्वीडनमध्ये, म्हणजे जिथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असतो तिथे, गुडघ्यावरून पाय गेलेल्या ९७ जणांची पाहणी झाली होती. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. जगणं अवघड करणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर कशाचा लागला? सॉकेटमधली उष्णता आणि घाम. ७२ टक्के लोकांनी तो त्रास सांगितला. जखमा आणि कातडीचा त्रास त्याच्या खाली होता.

पण आधी इतका घाम येत नव्हता!

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर एका ओळीत मावत नाही.

मोजे वापरताना घाम येतच होता, पण तो मोज्यात जिरत होता. ओला झाला की मोजा बदलायचा, दोरीवर टाकायचा. कुणी घाम मोजत बसत नसे. सिलिकॉन थेंबभरही शोषत नाही, त्यामुळे आलेला सगळा घाम डोळ्यांना दिसतो. यातला काही भाग म्हणजे घाम वाढणं नव्हे, घाम उघड होणं आहे. उरलेला भाग मात्र खरी वाढ आहे, कारण आतलं तापमान खरंच जास्त असतं.

त्यात शरीराचा एकूण हिशेबही बदललेला असतो. एका संपूर्ण पायाची कातडी म्हणजे अंगाच्या कातडीचा सुमारे १८ टक्के भाग. जेवढा पाय गेला तेवढी घाम वाळवायची जागा गेली. उरलेल्यातला काही भाग लायनरखाली झाकला. उलट चालण्याची मेहनत वाढली: गुडघ्याखालून पाय गेलेल्याला त्याच वेगाने चालायला धडधाकट माणसाच्या साधारण सव्वापट ऊर्जा लागू शकते, गुडघ्यावरून गेला असेल तर त्याहून बरीच जास्त. म्हणजे उष्णता जास्त, ती बाहेर टाकायला जागा कमी. कपाळावर, पाठीवर, सगळीकडेच घाम जास्त येतो. ऑफिसात एसी सोळावर ठेवा म्हणणारा सहकारी उगाच नखरे करत नसतो.

दिलासा एवढाच की लायनर नवा असतानाचे पहिले काही आठवडे सगळ्यांत वाईट असतात. पुढे घाम बऱ्याच जणांचा कमी होतो, असा टेक्निशियन आणि वापरणारे या दोघांचाही अनुभव आहे. एक ज्ञात कारण असं की कातडी बराच वेळ ओली राहिली की वरचा थर फुगतो आणि घामाच्या नळ्यांची तोंडं दबतात, घाम मंदावतो. म्हणून आठवडाभरात "हे मला जमणार नाही" म्हणून लायनर कपाटात टाकू नका. सगळ्यांना मात्र हा दिलासा मिळत नाही, हेही सांगायला हवं.

ओली कातडी, निसटता पाय

घाम म्हणजे नुसती चिकचिक असती तर एवढा लेख लिहायची गरज नव्हती. खरा प्रश्न पडण्याचा आणि जखमांचा आहे.

बरेच लायनर पिनवाले असतात. टोकाला खाचा असलेली एक पिन, सॉकेटच्या तळाशी कुलूप. उभं राहून वजन टाकलं की 'टक टक टक' असा आवाज करत पिन आत जाते. आता पाऊल उचलताना काय होतं बघा. संपूर्ण पायाचं वजन त्या पिनेवर लोंबकळतं, पिन लायनरला खाली ओढते आणि लायनर कातडीला धरून असतो. मधे घामाचा पातळ थर आला की ही शेवटची पकड सुटते. लायनर प्रत्येक पावलाला जरासा खाली घसरतो, वजन टाकलं की पुन्हा वर. पाय हवेत असताना किंचित लांब पडतो आणि चवडा फुटपाथच्या उखडलेल्या फरशीला अडखळतो. पुण्यात अशा फरशा शोधाव्या लागत नाहीत.

व्हॅक्यूमवाल्या, म्हणजे सॉकेटमधली हवा काढून जागेवर धरलेल्या पायात पिन नसते, पण तिथेही कातडी आणि लायनरमधली पकड गेली की तेच. 'पाय सैल झालाय' म्हणून लोक सॉकेट बदलायला येतात आणि अनेकदा सॉकेट ठीकच असतो. तपासायची खूण सोपी आहे: सकाळी घट्ट आणि दुपारी सैल, तेही लायनर पुसून पुन्हा चढवल्यावर ठीक होत असेल, तर गुन्हेगार घाम. पुसूनही सैलच राहिला तर मात्र स्टंप बारीक झालेला असू शकतो आणि त्याचा इलाज वेगळा.

आता कातडी. घामात भिजलेली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली, मऊ होते. दमट कातडीवर घर्षण कोरड्यापेक्षा जास्त होतं, म्हणून फोड येतात. केसांच्या मुळांशी पुरळ उठतं, जांघेच्या बाजूला नायटा पसरतो, उग्र वास येतो. वास घामाचा नसतो, घामावर पोसलेल्या जंतूंचा असतो. एक छोटा फोड फुटला तरी चार-आठ दिवस पाय चढवता येत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला त्याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

मग लायनरला भोकं का पाडत नाहीत?

पाडतात. बाजारात बारीक छिद्रांचे लायनर आहेत. घाम छिद्रांतून लायनरच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि पावलाच्या दाबाने सॉकेटच्या एकेरी झडपेतून बाहेर ढकलला जातो. कल्पना चांगली आहे, आणि ज्यांना मानवते त्यांना पाय दिवसभर काढावा लागत नाही. पण असा लायनर सगळ्या प्रकारच्या सॉकेटला चालत नाही आणि छिद्रं साबणाने, मळाने बुजू नयेत म्हणून धुण्याची शिस्त दुप्पट लागते.

दुसरा प्रकार उष्णता 'पिणाऱ्या' लायनरचा. त्यात मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. तो कातडीच्या तापमानाच्या आसपास वितळतो आणि वितळताना उष्णता शोषून घेतो. पण सगळा पदार्थ वितळून झाला की त्याचं काम तेवढ्यापुरतं संपलं, पुन्हा थंड होईपर्यंत. थांबत थांबत काम करणाऱ्याला उपयोग आहे. सिंहगड चढणाऱ्याला अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा पुरेल असं मी म्हणणार नाही.

हाडातच धातूचा खुंट बसवून त्यालाच पाय जोडायची शस्त्रक्रियाही आहे. स्वीडनमध्ये १९९० पासून ती होते. सॉकेट नाही, लायनर नाही, म्हणून आतला घामही नाही. पण खुंट जिथून कातडीबाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाचा धोका कायम राहतो. घामाला कंटाळून हा मार्ग धरू नये.

पावडर, रोल-ऑन, इंजेक्शन

पावडर नको. आपल्याकडे घाम म्हटलं की हात आपोआप घामोळ्याच्या पावडरीकडे जातो. लायनरखाली ती घामात कालवली जाते, तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच कातडीवर घासतात. सिलिकॉनची पकडही जाते. डेटॉल, सुगंधी तेल, खोबरेल, सगळ्याला हाच नियम. स्टंपवरचे केस काढण्याचाही मोह टाळा. वाढणारा केस आतच वळतो आणि गाठ होते.

घाम रोखणारं औषध चालतं, पण ते कधी लावायचं हे कळीचं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड असलेली द्रावणं त्वचारोगतज्ज्ञ देतात. ती रात्री, पाय काढल्यावर, पूर्ण कोरड्या आणि जखम नसलेल्या कातडीवर लावायची आणि सकाळी धुऊन टाकायची. सकाळी लावून वर लायनर चढवला तर भाजल्यासारखी आग होते. साधा अत्तराचा डिओ फक्त वास झाकतो, घाम थांबवत नाही.

बोटॉक्सची इंजेक्शनं खरोखर काम करतात. सुरकुत्यांसाठी देतात तेच औषध, घामग्रंथींना निरोप पोहोचवणाऱ्या नसा काही महिने बंद ठेवतं. स्टंपवर बऱ्याच ठिकाणी टोचावं लागतं, दुखतं, खर्च होतो आणि परिणाम ओसरला की पुन्हा तेच. बाकी सगळं करून थकलेल्यांसाठी ते ठीक.

या सगळ्याच्या आधी एक फुकटचा उपाय आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. दुपारी एकदा थांबायचं. खुर्चीवर बसून कुलपाचं बटण दाबायचं, पाय बाजूला उभा करायचा, लायनर वरून खाली गुंडाळत उतरवायचा. आतून चमचाभर पाणी सांडेल. स्वच्छ सुती रुमालाने स्टंप टिपायचा, घासायचा नाही, आणि हाताला कोरडा लागेपर्यंत उघडा ठेवायचा. लायनरची आतली बाजू पुसायची आणि मगच पुन्हा चढवायचा. दहा मिनिटांचं काम. घाईत दमट कातडीवरच चढवला तर न काढलेला बरा.

पण ही दहा मिनिटं काढायची कुठे? लक्ष्मी रोडवरच्या दुकानात दिवसभर उभा असलेला सेल्समन गिऱ्हाइकांसमोर पाय काढणार नाही. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या शौचालयात फरशी कायम ओली, बसायला काही नाही. स्वारगेटला तर विचारूच नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कामाच्या ठिकाणी 'वाजवी सोय' देण्याची कल्पना आहे आणि सरकारी आस्थापनांवर ती बंधनकारक आहे. एक खुर्ची, एक आडोसा आणि जेवणाच्या सुट्टीशिवाय दहा मिनिटं, याहून वाजवी सोय कोणती असणार? साहेबाला हे माहीतच नसतं, कारण कुणी सांगत नाही, आणि सांगायला लाज वाटते.

पावसाळ्यातली पंचाईत

रोज रात्री लायनर कोमट पाण्याने, बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवायचा आणि साबणाचा अंश राहू द्यायचा नाही. राहिलेला साबण दुसऱ्या दिवशी घामात विरघळून कातडीला चावतो. एप्रिलमध्ये धुतलेला लायनर रात्रीत वाळतो. जुलैत बाहेरचं कापडी आवरण सकाळपर्यंत ओलसरच राहतं, आणि ते वाळावं म्हणून लोक तो इस्त्रीजवळ किंवा उन्हाच्या तिरिपेत ठेवतात. तसं करू नका, उष्णतेने तो खराब होतो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, मग पंख्याखाली स्टँडवर ठेवायचा. जमत असेल तर दोन लायनर आलटून पालटून वापरावेत. महाग पडतं हे खरं, पण दोन्ही जास्त दिवस टिकतात.

डायबिटीस असेल तर

पुण्यात आता पाय जाण्याचं कारण दरवेळी अपघातच असतं असं नाही, साखरही असते. अशा व्यक्तीच्या नसा मंदावलेल्या असतात, त्यामुळे काहींना स्टंपला घाम कमीच येतो आणि कातडी कोरडी पडून भेगाळते. तिथे घाम रोखणारं औषध लावणं उलट महागात पडेल. त्यात फोड झाला तरी दुखत नाही, म्हणून कळत नाही. रोज रात्री छोटा आरसा धरून स्टंपचं टोक आणि मागची बाजू बघायची, किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचं. पाय काढल्यावर उमटलेला लाल डाग काही वेळात गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी पाय चढवायचा नाही आणि डॉक्टर गाठायचा.

टेक्निशियनकडे जाताना

फिटिंगची वेळ बहुधा सकाळची मिळते. दहा वाजता, रिक्षातून उतरून, कोरड्या स्टंपवर पाय एकदम झकास बसतो. टेक्निशियन दोन फेऱ्या मारायला लावतो, सगळं ठीक दिसतं आणि तक्रार करणारा वेडा ठरतो. शक्य असेल तर दुपारची वेळ मागा आणि अर्धा-पाऊण तास चालून मग आत जा. पाय तिथेच, त्याच्यासमोर काढा. घाम कुठे साचलाय, टोकाला की गुडघ्याच्या मागे, हे त्याला दिसू द्या. टोकाला साचत असेल तर तिथे पोकळी राहिली असेल आणि सॉकेट दुरुस्त करून भागेल. सगळीकडे सारखाच असेल तर लायनरच्या जाडीचा किंवा प्रकाराचा विचार करावा लागेल. पाय किती वाजता सरकायला लागतो आणि त्याआधी किती चालणं झालेलं असतं, एवढं चार-सहा दिवस मोबाइलवर टिपून न्या. आणि जुना लायनरही पिशवीत टाका. तो कुठे झिजलाय ते बघून तज्ज्ञ टेक्निशियनला बरंच काही कळतं.